फिरत्या आवाजाचा बंदोबस्त

कोल्हापुरात साऊंड भाड्याने मिळत नाही, अशी तक्रार आजवर कुणी केली नसेल. राजारामपुरीत, शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत कुठल्याही तालमीच्या कार्यकर्त्याला विचारा. दोन फोन करून तो संध्याकाळच्या आत भिंतीएवढी डॉल्बी दारात उभी करून देईल. जनरेटर, लाइट, कागद उडवणारं मशीन हे सगळं त्याच गाडीतून येतं. आता त्या भिंतीपुढे एक रॉक बँड उभा करा. ड्रम, बेस गिटार, दोन गिटारी, कीबोर्ड आणि एक गाणारा. पहिल्याच कडव्यात माईक शिट्टी मारतो. बेसने छाती हलते, झांजा कान कापतात, आणि गाणारा तोंड उघडतो-मिटतो एवढंच दिसतं. मागून कुणीतरी ओरडतं, "आवाज वाढीव की रं!" ऑपरेटर वाढवतो. शिट्टी तेवढी मोठी होते.

यात ऑपरेटर अडाणी असतो असं मुळीच नाही. रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीत दहा-वीस हजार वॉटचे अँप्लिफायर ट्रॉलीवर जिवंत ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण डॉल्बीवर वाजतं ते पेनड्राईव्हमधलं गाणं. स्टुडिओत कुणीतरी आठवडाभर बसून त्यातला गायक ड्रमच्या वर आणून ठेवलेला असतो, चढउतार दाबून सपाट केलेले असतात. त्या आवाजाचा रस्ता एकेरी आहे. पेनड्राईव्ह, मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर, लोकांचे कान. स्पीकर कितीही मोठा केला तरी पेनड्राईव्हला तो ऐकू येत नाही.

माईकला येतो. बँडचा सगळा घोळ इथे आहे. गायकाच्या माईकमध्ये गायक शिरतो, त्याच्या पाठीमागचा ड्रम शिरतो, शेजारची गिटार शिरते, पायाशी ठेवलेला मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) शिरतो आणि समोरच्या भिंतीवरून परत आलेला मुख्य स्पीकरचा आवाजही शिरतो. हे सगळं पुन्हा मिक्सरमध्ये जातं, पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतं, पुन्हा माईककडे येतं. एक फेरी पुरी करून आलेला आवाज निघताना होता त्यापेक्षा लहान असेल तर तो विरून जातो. एखाद्या सुराच्या बाबतीत तो किंचितही मोठा असला, तर प्रत्येक फेरीत वाढत जातो. सेकंदाला अनेक फेऱ्या होत असल्याने क्षणभरात त्याची किंकाळी होते. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाचं नाव या प्रकाराला मिळालेलं आहे. मंडपात कुणी लार्सन म्हणत नाही. "माईक ओरडायला लागला" म्हणतात आणि माईकवर हात ठेवतात. तो हात ठेवल्याने काय होतं, ते पुढे पाहू.

एकेरी रस्त्याच्या सवयीने फिरता रस्ता चालवायला गेलं की घोटाळा होतो. बँडचा आवाज लावणं म्हणजे या फेरीचा बंदोबस्त करणं. स्पीकर किती आणि वॉट किती हा नंतरचा प्रश्न. गर्दी-गोंगाटाच्या दंगेखोर जागी तर हे दुप्पट खरं, कारण तिथे आवाज वाढवायचा मोह आणि दबाव दोन्ही जास्त.

आधी मुळापासून विचार करू. शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं, तसं त्याला लागूनच पॅलेस थिएटरही उभं केलं. ते १९१५ साली सुरू झालं आणि पुढे कोल्हापूरच्याच केशवराव भोसल्यांचं नाव त्याला मिळालं. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.) संगीत नाटकाच्या त्या जमान्यात रंगमंचावर माईक नव्हता. तरी पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. गळे तयारीचे होते हे खरंच, पण तेवढंच कारण नव्हतं. साथीला ऑर्गन आणि तबला. दोन्ही वाद्यं गाणाऱ्याच्या खाली राहू शकत होती, आणि वाजवणारे तशी राहू देत होते. रॉक बँडमध्ये नेमकं उलटं आहे. काठ्यांनी जोरात वाजवलेल्या ड्रमजवळ उभं राहिलं तर मोजणी शंभर डेसिबलच्या वर जाते. पन्नास वॉटचा गिटार अँप्लिफायर मोकळा सोडला तर एक मीटरवर एकशेदहाच्या पुढे सहज. माणसाचा गळा कितीही ताणला तरी या दोघांशी बरोबरी करू शकत नाही. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा आवाज सगळ्यात दुबळा, आणि त्याला वर आणण्याची सोय फक्त त्या फिरत्या रस्त्यावरून.

डेसिबलचा हिशेब इथेच सांगून टाकतो, कारण "आणखी दोन अँप आणा" या सल्ल्यातली हवा त्यानेच निघते. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. तीन डेसिबल म्हणजे "जरा वाढला वाटतं" एवढंच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट लागतात. हजार वॉटवर वाजणारी व्यवस्था दुप्पट मोठी वाटावी, तर दहा हजार वॉट हवेत. आता उलट बाजूने बघा. गायकाचे ओठ माईकपासून दहा सेंटीमीटरवर आहेत. ते पाच सेंटीमीटरवर आणले की गळ्याचा आवाज माईकमध्ये सुमारे सहा डेसिबलने वाढतो आणि मागचा ड्रम आहे तेवढाच राहतो. चौपट वॉटचं काम फुकटात झालं. माईक तोंडाशी धरायला शिकवणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त अँप्लिफायर आहे.

दुसरा फुकटचा फायदा उघड्या माईकांच्या संख्येत आहे. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची मोकळीक तीन डेसिबलने घटते. बारा माईक उघडे ठेवले तर एका माईकच्या तुलनेत जवळपास अकरा डेसिबल गेले. कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमलाच आठ माईक लावणारा हौशी ऑपरेटर मी पाहिला आहे. शंभर माणसांच्या हॉलमध्ये ड्रम माईकशिवायच छत फोडत होता. तिथे बेस ड्रमला एक माईक पुरे. मैदानात वरून आणखी एक-दोन.

आपल्याकडच्या बेंजो पार्टीने हे कोडं पुस्तक न वाचता सोडवलेलं आहे. कोकणात आणि मुंबईत गाडीवर चढून, गर्दीच्या मधोमध, चालता चालता वाजवणारी ही मंडळी. खऱ्या अर्थाने दंगेखोर जागेतला जिवंत बँड. पण बेंजो पिकअपवरून थेट वायरने, कीबोर्ड वायरने, ऑक्टोपॅड वायरने. ताशा, ढोल आपल्या बळावर. उघडा माईक जवळपास नाहीच, म्हणून शिट्टीही नाही. रॉक बँडने यातलं घेण्यासारखं घ्यावं. बेस गिटार आणि कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर माईकशिवाय मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) थेट मिक्सरला द्यावेत आणि स्टेजवरचे त्यांचे मोठे अँप्लिफायर घरी ठेवावेत.

गिटारवाला मात्र अँप्लिफायर सोडत नाही. त्याला कमी करायला सांगितलं तर तो नाराज होतो. "मग मला टोन मिळत नाही," म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. अँप त्याच्या पोटऱ्यांच्या उंचीवर ठेवलेला असतो आणि कान दीड मीटर वर. तिखट सूर स्पीकरमधून सरळ रेषेत जातात. ते त्याच्या गुडघ्यांना ऐकू येतात आणि पहिल्या रांगेच्या कपाळावर आदळतात. त्याला स्वतःला बोथट ऐकू येतं, म्हणून तो तिखटपणा वाढवतो, मग आवाज वाढवतो. उपाय असा की अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून त्याचं तोंड वादकाच्या कानाकडे फिरवा. दोन मिनिटांत तो स्वतःहून कमी करतो. भांडण न करता सुटणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी या कामात आहेत, त्यांतली ही एक.

आता माईकवरचा तो हात. गाण्यासाठी वापरतात ते माईक सगळीकडून सारखं ऐकत नाहीत. शुअर कंपनीने १९६६ साली बाजारात आणलेला एसएम ५८ आजही जगभर आणि आपल्या प्रत्येक मंडपात दिसतो. तो समोरून नीट ऐकतो आणि बरोबर पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे मॉनिटर त्याच्या शेपटीच्या रेषेत ठेवायचा, म्हणजे गायकाच्या अगदी समोर, पायाशी. दुसऱ्या एका जातीचे माईक बाजूंनी जास्त बहिरे असतात, पण ठीक पाठीमागून थोडं ऐकतात. त्यांचा बहिरा कोन सव्वाशे अंशांच्या आसपास, म्हणून त्यांना दोन मॉनिटर डाव्या-उजव्या तिरक्या बाजूंना द्यायचे. हा बहिरेपणा माईकच्या जाळीमागच्या फटींमुळे येतो. मागून आलेला आवाज त्या फटींतूनही आत शिरतो आणि पडद्याच्या दोन्ही अंगांनी स्वतःलाच खोडतो. गायकाने रॅपवाल्यांसारखी जाळी मुठीत घट्ट धरली की फटी बंद. मग माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि ओरडतो. ओरडायला लागला म्हणून घाबरून हात ठेवला तर आणखी ओरडतो. गायकाला कार्यक्रमाआधी एवढं एकच सांगायचं: दांडा धर, डोकं धरू नकोस.

आणि "काय कोल्हापूर, आवाज येऊ द्या!" म्हणत माईक गर्दीकडे उलटा करायची सवय. त्या वेळी माईकचं तोंड थेट मुख्य स्पीकरकडे असतं. ऑपरेटरचा हात तेव्हा त्या माईकच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर हवा.

मॉनिटर नसेल तर काय होतं, याची जगप्रसिद्ध गोष्ट १५ ऑगस्ट १९६५ ची. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे पंचावन्न हजारांवर लोक जमले. व्हॉक्स कंपनीने त्या दौऱ्यासाठी शंभर वॉटचे गिटार अँप्लिफायर मुद्दाम बनवून दिले होते आणि गाणं बेसबॉलच्या घोषणांसाठी लावलेल्या व्यवस्थेवर सोडलं होतं. पोरींच्या किंकाळ्यांत चौघांना एकमेकांचं वाजवणं ऐकू आलं नाही. पुढे ग्रेटफुल डेड या बँडने दुसरं टोक गाठलं. १९७४ साली त्यांनी स्पीकरांची प्रचंड भिंत उभी केली, आणि तीही स्वतःच्या पाठीमागे, म्हणजे जे लोक ऐकतात तेच वादकांनाही ऐकू यावं. पण मग सगळे माईक स्पीकरांच्या तोंडी आले. त्यावर तोड म्हणून प्रत्येक गायकाला दोन-दोन माईक दिले, एकमेकांना उलटे जोडलेले. दूरचा आवाज दोन्हींत सारखा शिरून खोडला जायचा, गायक एकाशीच ओठ लावून गायचा म्हणून तो उरायचा. तोड हुशारीची, पण एवढं सामान वाहून नेणं परवडेना आणि वर्षभरात भिंत मोडावी लागली. कोल्हापुरात ट्रॉलीवर भिंत उभी करून तिच्यापुढे गाणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. माईक नेहमी मुख्य स्पीकरांच्या मागच्या रेषेत राहिले पाहिजेत. मंडपाच्या तोंडाशी जागा कमी म्हणून स्पीकर मागे सरकवले जातात आणि तिथेच अर्धा कार्यक्रम हरतो.

स्पीकर कुठे ठेवायचे, याबरोबरच किती उंच ठेवायचे हेही पाहावं लागतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. कानांच्या उंचीवर ठेवलेल्या स्पीकरपासून पहिला माणूस दोन मीटरवर आणि शेवटचा बत्तीस मीटरवर असेल, तर दोघांच्या ऐकण्यात चोवीस डेसिबलचा फरक पडतो. पुढचा कान झाकतो, मागचा "आवाज वाढीव" म्हणतो आणि दोघांचंही बरोबर असतं. तोच स्पीकर पाच मीटर उंच चढवून खाली कलता केला, तर पुढच्या माणसाचं खरं अंतर चार मीटरच्या आसपास होतं आणि फरक अठरावर येतो. शिवाय त्याचं तोंड मागच्यांकडे असल्याने तो आणखी घटतो. शब्द ज्या तिखट सुरांत असतात, ते माणसांच्या अंगाकपड्यांत मुरतात. डोक्यांवरून गेले तर पोचतात, डोक्यांमधून गेले तर नाही. नाचणारी गर्दी हात वर करून उभी असते, तेव्हा तर हा फरक फारच जाणवतो. डॉल्बीची भिंत मात्र बेसचे खोके खाली, तिखट सुरांचे टॉप त्यांच्यावर अशी रचलेली असते आणि पुष्कळदा टॉपही छातीच्या उंचीवरच संपतात. टॉप उंच न्या, बेस जमिनीवर राहू द्या. मंडपवाल्याकडे लोखंडी स्टेजचे दोन तुकडे जास्त मागवले तरी काम होतं, फक्त ते दोरखंडाने नीट आवळून घ्यावेत. उंचावरचा चाळीस किलोचा खोका गर्दीच्या धक्क्याने पडू शकतो, हे विसरून चालत नाही.

बेसचं गणित निराळं. पन्नास हर्ट्झच्या सुराची लांबी जवळपास सात मीटर असते. एवढी लांब लाट माणसांना, पडद्यांना फारशी जुमानत नाही. डावीकडे एक ढीग आणि उजवीकडे एक ढीग लावला, तर मध्यरेषेवर दोन्ही लाटा एकत्र पोचून दणका देतात आणि बाजूला काही ठिकाणी एकमेकींना खातात. म्हणूनच मध्यभागी बेस भयंकर आणि चार पावलं बाजूला गेलं तर गायब. सगळे बेस स्टेजसमोर मधोमध एकत्र ठेवले की हे कमी होतं आणि तेवढ्याच दणक्याला खोकेही कमी लागतात. शोभा जाते अशी मंडळाची तक्रार असते. शोभेसाठी दोन बाजूंना रिकामे खोके ठेवायला माझी हरकत नाही.

महाद्वार रोडसारख्या चिंचोळ्या रस्त्यावर तर बेस दोन्हीकडच्या इमारतींत अडकतो. मोकळ्या मैदानात अंतरागणिक जेवढा उतरायचा तेवढा तो इथे उतरत नाही. पापाची तिकटी गाठेपर्यंत तो दुकानांची शटरं वाजवत जातो. अशा जागी बँडचे बेस निम्म्यावर आणणं हा सभ्यपणा आहेच, पण त्यात स्वार्थही आहे. बेसचा चिखल कमी झाला की गाण्यातले शब्द त्याच वॉटमध्ये वर येतात. गायकाच्या माईकवर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकावं. तिथे त्याचा गळा फारसा नसतो, ड्रमचा धमाका आणि स्टेजच्या फळ्यांची धडधड असते.

मंगल कार्यालयाची कथा वेगळी. खाली चकचकीत फरशी, वर पत्रा, चारी बाजूंनी रंगवलेल्या सपाट भिंती. टाळी वाजवली की ती विचार करत करत विरते. वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने १८९५ पासून हार्वर्डमधल्या एका अशाच व्याख्यानगृहात रात्री-अपरात्री खुर्च्यांच्या गाद्या नेऊन-आणून यावर प्रयोग केले आणि एक साधं सूत्र दिलं: घुमण्याचा काळ जागेच्या घनफळाने वाढतो, शोषून घेणाऱ्या गोष्टींनी घटतो. आपण एक नमुना घेऊ. तीस मीटर लांब, पंधरा रुंद, सहा उंच हॉल. रिकाम्या हॉलची शोषणक्षमता ऐंशी एकक धरली, तर आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागतात. त्यात पाचशे माणसं आली आणि प्रत्येकाने अर्ध्याहून किंचित कमी एकक जरी शोषलं, तरी काळ दीड सेकंदाच्या खाली येतो. म्हणजे दुपारी चार वाजता रिकाम्या हॉलमध्ये केलेलं साऊंड चेक रात्री आठ वाजता खोटं ठरतं. दुपारी ऐकून झांजा आणि घुमारा घाबरून कापले, तर रात्री गाणं बोथट वाजतं. चेक करायचं ते वायरी, माईक, शिट्टीची जागा आणि वादकांचे मॉनिटर. सूर-रंगाचा शेवटचा निकाल पहिल्या गाण्यावर सोडावा. म्हणून पहिलं गाणं बँडने कमी गुंतागुंतीचं निवडावं, हेही त्यांना आधी सांगावं.

चेकचा क्रम सगळे ड्रमपासून धरतात. मला तो पटत नाही. दंगेखोर जागी आधी गायकाचा माईक लावावा, तो शिट्टीच्या अलीकडे जिथवर जातो तिथवर न्यावा आणि मग थोडा खाली आणून ठेवावा. हे छत झालं. ड्रम, गिटारी, कीबोर्ड यांना त्याच्या खाली बसवायचं. ड्रमपासून सुरुवात केली की प्रत्येक वाद्य आधीच्यावर चढत जातं आणि शेवटी गायकाला जागाच उरत नाही. गोंगाटात शब्द नीट कळायला गायकाचा आवाज गोंगाटापेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर असावा लागतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहारच्या फुटबॉल सामन्यात घसा तयार केलेली गर्दी समोर असेल, तर ती मोकळीक आधीच राखून ठेवलेली बरी.

आता विजेचं. इथे मी विनोद करणार नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवर विजेचा धक्का बसून मेला. अर्थिंग नीट नसलेल्या माईकला त्याचा ओला हात लागला होता. हाताखालच्या गिटारच्या तारा एका उपकरणाच्या अर्थिंगवर आणि ओठ दुसऱ्या उपकरणाच्या अर्थिंगवर अशी गिटारवाल्या गायकाची रोजचीच अवस्था असते. दोन अर्थिंगमध्ये फरक असला तर तो त्याच्या अंगातून वाहतो. गणपतीत पाऊस असतो, जमीन ओली, पायात पुष्कळदा चप्पलही नसते. म्हणून स्टेजवरचं सगळं आणि मिक्सर एकाच फेजवर, एकाच बोर्डावरून घ्यावं. लाइट दुसऱ्या फेजवर. बोर्डाला तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय गायकाने माईकला ओठ लावू नयेत. जनरेटरच्या न्यूट्रलची जोडणी वायरमनला समोर उभं राहून आवळायला लावावी, कारण तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर दोनशेतीस व्होल्टच्या उपकरणावर चारशेच्या जवळपास येऊ शकतात. पहिल्यांदा कीबोर्ड जातो, मग मिक्सर.

स्पीकरमधून सतत हम्म असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापायची खोड आपल्याकडे सर्रास आहे. हम्म जातो हे खरं. तो जातो कारण जीव वाचवणारी वायरच तुटलेली असते. हम्म येण्याचं कारण बहुधा दोन वाटांनी जुळलेली अर्थिंग असतं आणि त्यावर इलाज डीआय बॉक्सवरचं बटण हा आहे. ते सिग्नलच्या वायरीतली जमीन तोडतं, विजेच्या प्लगमधली नाही.

गर्दीबद्दल थोडं. मिक्सर स्टेजच्या बाजूला ठेवायची पद्धत आहे, कारण तिथे तो सुरक्षित राहतो. पण तिथून लोकांना काय ऐकू येतं ते कळत नाही. तो गर्दीत, मध्यरेषेपासून जरा बाजूला, लाकडी बल्ल्यांच्या कठड्यात असावा. वायर स्टेजकडे जमिनीवरून न नेता वरून न्यावी किंवा कडेने मॅटखालून. नाचणाऱ्या पायांखाली वायर टिकत नाही. गुलालाची भुकटी फेडरमध्ये शिरली की तो फेडर संपला, म्हणून मिक्सरवर पारदर्शक प्लास्टिक, आणि कागदाच्या तोफेचं तोंड दुसरीकडे. कठड्यापाशी दर पंधरा मिनिटांनी मंडळाचा एखादा कार्यकर्ता येऊन आवाज वाढवायला सांगणार. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. जगभरचे काही ऑपरेटर अशा पाहुण्यासाठी कशालाच न जोडलेला एक फेडर राखून ठेवतात आणि त्याच्यासमोर तो हळूच वर सरकवतात. "आता कसं?" "आता नाद खुळा!" माणूस खूश होऊन जातो. याहून प्रामाणिक उपाय म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात सगळं थोडं खाली आणायचं आणि पुढचं गाणं सुरू होताना होतं तिथे न्यायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली, व्यापारी भागात ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज भोवतालच्या पातळीपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद; वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. याच शांतता क्षेत्राने मुंबईत धोबीतलावचं रंगभवन बंद पाडलं, जिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव गाजत होता. मोजणी पोलीस हद्दीवरच करतात, तेव्हा उंचावरून खाली, लोकांच्या अंगावर रोखलेले टॉप आणि आटोपलेले बेस इथेही कामाला येतात.

कानांचा हिशेब कायद्यापेक्षा कडक आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतात; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरवर पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. ऑपरेटरने मेणाचे किंवा रबराचे बोळे वापरायला लाजू नये. ज्याचे तिखट सूर कानातून गेलेत तो मिक्सरवर तिखटपणा वाढवत राहतो आणि त्याची शिक्षा हजार लोकांना होते.

दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं गाणं संपवावं. कठड्यापाशी हवालदार आले की बहुतेक जण आधी मिक्सर बंद करतात, नाहीतर कुणीतरी धावत जाऊन जनरेटरच थांबवतो. दोन्हींत अँप्लिफायर आधी बंद न झाल्याने स्पीकरमधून धाडकन ठोका निघतो, बेसच्या कॉइल जळू शकतात, आणि त्याचं बिल दुसऱ्या दिवशी सकाळी बँडच्या नावावर येतं. बंद करताना आधी अँप्लिफायर, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी जनरेटर. सुरू करताना याच्या बरोबर उलट. हवालदार तेवढा अर्धा मिनिट थांबतात.